जवारी

मामांनी हेडफोन कानांवर चढवले, डोळे मिटून घेतले, आणि दुसरं गाणं अर्ध्यावर येतंय तोच मला हाताने खूण करत विचारलं, "ही माणसं बसून गातायत का गं?"

मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. सीडीचं वेष्टण माझ्या पर्समध्येच होतं. गाणारा कोण, कुठला, कधीचा, यातलं काही त्यांच्या कानावर घातलं नव्हतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण ज्या माणसाची चाळीस वर्षं मिरजेत भोपळे, तुणीचं लाकूड आणि तारा यांच्यात गेली, त्याला शब्दांची फारशी गरज पडत नसावी.

"हो, बसलेत," मी म्हटलं. "खुर्च्यांवर, गोल करून."

"वाटलंच. सुरुवातीला आवाज पोटापाशी अडकला होता. आता सुटायला लागलाय." मग थोडा वेळ ऐकून म्हणाले, "आणि हा तबला नव्हे. पेटी बडवतोय कुणीतरी. आत पोकळ आहे, पण कापड लावलंय आतून."

ती गिटारची पेटी होती. २७ जून १९६८ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या बर्बँक इथे, एनबीसीच्या स्टुडिओत, डी. जे. फोंटाना हा ड्रमवादक ड्रम बाजूला ठेवून तिच्यावर काठ्या वाजवत होता. आणि तीसेक वर्षांनी मिरजेतल्या एका खाटेवर बसलेल्या माणसाने ती नुसत्या कानांनी ओळखली. हे ध्वनिमुद्रण तोवर माझं आवडतं होतं. त्या दुपारपासून ते मला कळायला लागलं.

सीडीचं नाव 'टायगर मॅन'. निघाली १९९८ साली. त्या रात्री आठ वाजता एल्विस प्रेस्लीने माणसांच्या घोळक्यात बसून जे गायलं, ते जवळजवळ जसंच्या तसं तिच्यात आहे. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला असाच एक कार्यक्रम झाला होता आणि तोही पुढे वेगळा निघाला, पण आठचा जास्त मोकळा आहे. ३ डिसेंबर १९६८ ला अमेरिकेतल्या घराघरांत टीव्हीवर जो तासाभराचा कार्यक्रम दिसला, त्यात या बैठकीचे तुकडेच होते. बाकी वेळ नाच, वाद्यवृंद, देखावे. त्याची जी तबकडी तेव्हा आली तिच्यातही तुकडेच. लोकांनी त्या कार्यक्रमाला पुढे 'कमबॅक' हे नाव दिलं आणि काळ्या चामड्याच्या पोशाखातला एल्विस जगभरच्या भिंतींवर लागला. मी मात्र चित्र पाहण्याआधी आवाज ऐकला, आणि त्याबद्दल मी आजही स्वतःला भाग्यवान समजते.

तोवर मला एल्विस आवडायचा नाही. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या भावाने, तो बोटीवर नोकरीला होता, कॅसेटी आणल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच गाण्यांवर साठीच्या दशकातल्या त्याच्या सिनेमांचा शिक्का होता. समुद्रकिनारा, मुली, शर्यतीच्या गाड्या. आवाज सुरेख, पण गुळगुळीत. रॉक अँड रोल म्हणजे काय याची माझी कल्पना तर आपल्या घरचीच होती. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५७ साली 'ईना मीना डीका' बांधलं, त्यात कोकणीतलं 'माका नाका' बेधडक घुसवलं, आणि गोव्याच्या वादकांनी ते पेटवलं. त्या गाण्यात जी आच आहे ती मला या कॅसेटींत सापडत नव्हती. मला वाटायचं, हा माणूस उगाच मोठा झालाय.

मग ही सीडी आली, पुण्याच्या एका मित्राकडून. गाण्यांच्या मधे माणसं हसत होती. कुणीतरी शब्द विसरत होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि तो आवाज! तोच, पण कुणीतरी त्याची जवारी काढल्यासारखा.

हा शब्द मला दुसऱ्या कशाने बदलता येत नाही, म्हणून थोडं थांबते. तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी हलका बाक असतो. छेडलेली तार त्या बाकाला पुन्हा पुन्हा चाटून जाते, आणि त्या चाटण्यातून सुराच्या पोटातले सगळे लहान सूर उमलून वर येतात. गाणारे ज्याला 'तंबोरा बोलतो' म्हणतात ते हेच. वाजवून वाजवून तार घोडीत चरे पाडते. मग स्पर्श नीट होत नाही आणि आवाज बसतो. सूर चुकत नाही, हे महत्त्वाचं. तार लावलेली असते, स्वर बरोबर असतो, फक्त बोलत नाही. अशा वेळी कारागीर कानस घेऊन घोडी घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत ऐकतो, पुन्हा घासतो. केसभर जास्त घासलं की गेलं. मामा म्हणायचे, "जवारी हाताने निघत नाही, कानाने निघते."

एल्विसचं तेच झालं होतं, असं मला वाटतं. २५ मार्च १९६१ ला होनोलुलूला पर्ल हार्बरच्या नौदल तळावर तो गायला, बुडालेल्या 'ॲरिझोना' युद्धनौकेच्या स्मारकासाठी पैसे उभे करायला. त्यानंतर सात वर्षं तो लोकांसमोर उभाच राहिला नाही. वर्षाला तीन-तीन सिनेमे, प्रत्येक सिनेमाची गाण्यांची तबकडी, पुन्हा सिनेमा. त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याला हा रतीब पसंत होता, पैसा ठरलेला, धोका नाही. गळा या काळात बिघडला नव्हता. १९६७ ला आलेली त्याची भक्तिगीतांची तबकडी ऐकली तर कळतं, तो काय गातो ते, आणि तिला ग्रॅमी पारितोषिकही मिळालं. म्हणजे तार शाबूत होती. पण समोर माणूस नाही, शेजारी जुना साथीदार नाही, आणि गाणं कुठल्यातरी नायकाच्या तोंडी घालण्यासाठी बनवलेलं. तार कशाला चाटणार?

१९६८ च्या सुरुवातीला पार्करने एनबीसीशी करार केला. पार्करच्या डोक्यात होता नाताळचा कार्यक्रम: एल्विस येईल, नाताळची गाणी म्हणेल, शुभेच्छा देईल, जाईल. पैसे घालणारी कंपनी होती सिंगर. होय, शिलाई मशीनवाली सिंगर. कार्यक्रमाच्या नावातच ती होती. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून जरा वेळ बसून राहिले. माझ्या आईचं आयुष्य सिंगरच्या पायमशीनवर गेलं. काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी, पायडलची ती खटखट, परकर-पोलक्यांचे ढीग. माझी फी त्या चाकावर फिरून आली. आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला त्याच कंपनीच्या पैशावर एक माणूस स्वतःचा आवाज परत मिळवत होता. आईला हे सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "मशीन चांगलंच होतं गं त्यांचं."

दिग्दर्शक स्टीव्ह बिंडर तरुण होता, आणि त्याला नाताळात रस नव्हता. ध्वनिमुद्रणाचं बघणारा बोन्स हाऊ त्याचा भागीदार. दोघांनी एल्विसशी सरळ बोलायला सुरुवात केली, आणि इतकी वर्षं त्याच्याशी फारसं कुणी सरळ बोललेलं नव्हतं. तालमी चालू असताना एल्विस स्टुडिओतल्या आपल्या खोलीतच मुक्काम करायला लागला. दिवसभर नाचाच्या तालमी, ठरलेली पावलं, ठरलेले कपडे. संध्याकाळी काम संपलं की खोलीत मित्र जमायचे, गिटारी निघायच्या, आणि तासन्‌तास जुनी गाणी, थट्टा, पुन्हा गाणी. बिंडरने दारातून हे ऐकलं आणि त्याला कळून चुकलं की खरा कार्यक्रम बाहेर मंचावर नाही, या खोलीत चाललाय. त्याने खोलीत कॅमेरा आणायची परवानगी मागितली. पार्करने साफ नकार दिला. फार तर तसंच काहीतरी मंचावर करा म्हणाला.

हा प्रसंग मला दुसऱ्या एका प्रसंगाची आठवण करून देतो आणि तो कुणी सांगितला नाही तरी मी सांगणारच. ५ जुलै १९५४. मेम्फिसमधल्या युनियन अव्हेन्यूवरचा सन स्टुडिओ. एकोणीस वर्षांचा एल्विस, गिटारवर स्कॉटी मूर, मोठ्या बासवर बिल ब्लॅक. दिवसभराच्या कामाने थकलेले तिघे संथ गाणी गाऊन पाहतायत, काही जमत नाहीये. मधल्या सुट्टीत एल्विस उगाचच आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाचं एक गाणं उड्या मारत म्हणायला लागतो, बाकीचे दोघे त्याला जाऊन मिळतात, आणि आतल्या खोलीतून मालक सॅम फिलिप्स डोकं बाहेर काढून विचारतो, तुम्ही हे काय करताय? पहिल्यापासून करा. त्या रात्री ड्रम नव्हते. तिघंच होते. फिलिप्सचं मोठेपण त्याने काही शिकवलं यात नाही. जे सुट्टीत चाललं होतं तेच काम आहे, हे त्याने ओळखलं. चौदा वर्षांनी बिंडरने नेमकं तेच केलं. एका माणसाला दोनदा, मधल्या वेळेत, कुणीतरी ऐकलं.

बिंडरने स्कॉटी मूर आणि डी. जे. फोंटाना यांना बोलावून घेतलं. एक छोटा चौकोनी मंच बांधला, पांढरा, लाल कडेचा, मुष्टियुद्धाच्या आखाड्यासारखा. चारी बाजूंनी माणसं, अगदी हाताच्या अंतरावर. पाहुण्यांना बोलवायची जबाबदारी पार्करने अंगावर घेतली होती, पण ऐन दिवशी माणसंच येईनात, तेव्हा जवळच्या खानावळीत जाऊन, रेडिओवर सांगून श्रोते गोळा करावे लागले. बाहेर पडायच्या आधी एल्विसचं अवसान गळालं. मला काही आठवत नाही, मी जाऊ शकत नाही, असं तो बिंडरला म्हणाला. तेहतीस वर्षांचा, जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक. बिंडरने त्याला सांगितलं, बाहेर जा, बस, लोकांकडे बघ, आणि तरीही काही सुचलं नाही तर उठून परत ये.

ही भीती ऐकू येते. मामांनी 'पोटापाशी अडकलेला' म्हटलं तो हाच आवाज. तो सुरुवातीला बोलतो ते घाईघाईने, अर्धी वाक्यं टाकून देत. हसतो ते जरा जास्तच. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली गाणाऱ्या मोठमोठ्यांना मी लहानपणापासून पाहत आले. तिथेही पहिली दहा मिनिटं कुणाचीच नसतात. गवई तंबोरेवाल्याकडे बघतो, तबला पुन्हा लावून घेतो, घसा साफ करतो. तो काळ वाया जात नाही. त्या काळात गवई बैठकीत शिरत असतो.

आणि मग ती घटना घडते जिच्यासाठी मी ही सीडी शंभरदा ऐकली असेन. एल्विसच्या हातात साधी गिटार असते, स्कॉटीच्या मांडीवर मोठी इलेक्ट्रिक गिब्सन. दोघे गिटारी बदलतात. म्हणजे एल्विस स्कॉटीची गिटार घेतो. त्याला बोटं पळवता येत नाहीत, तो काही वादक म्हणून नावाजलेला नाही. पण तो त्या गिटारवर एक साधा ठेका धरतो, जिमी रीडच्या एका गाण्याचा, आणि तो ठेका सोडतच नाही. गाणं संपतं, गप्पा होतात, दुसरं गाणं होतं, आणि पुन्हा तोच ठेका. पुन्हा. गवई जसा चीज सोडून दूर हिंडून मुखड्यावर परत येतो, सम गाठतो, आणि श्रोत्यांची मान आपोआप हलते, तसं. प्रत्येक परतीला तो जरा जास्त जोरात, जरा जास्त आडदांड. टीव्हीवर दाखवलेल्या कार्यक्रमात ही पुनरावृत्ती जवळजवळ कापून टाकली होती. स्वाभाविक आहे, तासाच्या कार्यक्रमात तेच तेच कोण दाखवेल? पण परत आलेला माणूस त्या तेच-तेच मध्येच आहे. तो काहीतरी शोधत असतो त्या ठेक्यात, आणि आपल्या कानांसमोर त्याला ते सापडतं.

'वन नाइट' च्या वेळी तर आवाज फाटतो. फाटतो हा शब्द मी कौतुकाने वापरते आहे. वरच्या स्वराला तो गळा सांभाळत नाही, सगळा लोटून देतो, आणि त्या स्वराच्या कडा खरखरीत होतात. सिनेमांतल्या गाण्यांत या कडा कुणीतरी पुसून काढलेल्या असत. इथे तार घोडीला लागते. मामांनी तेव्हा डोळे उघडले होते आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली होती.

त्याला मधेच उभं राहायचं असतं. उभं राहून गायलेला माणूस तो, कमरेच्या हालचालीने अख्ख्या अमेरिकेतल्या आईबापांची झोप उडवलेला. पण गिटारला पट्टा नाही. तो पट्टा मागतो, पट्टा कुणाकडेच नाही. तरी उठतो, गिटार कशीबशी सावरतो, आणि त्याचा मित्र चार्ली हॉज त्याच्यासाठी माइक हातात धरून राहतो. मोठ्या निर्मितीत अशी चूक कुणी राहू देत नाही. राहू दिली, आणि म्हणून त्या क्षणी काय झालं ते आपल्याला मिळालं. शरीर उठायला बघतंय, वाद्य त्याला बसवतंय, आणि ही ओढाताण सगळी गळ्यात उतरली आहे.

बोलण्यातही तो मोकळा होत जातो. वरचा ओठ एका बाजूने वर जाण्याची त्याची जी सवय, जिच्यावर जगाने नकला केल्या, तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणतो की याच ओठावर मी एकोणतीस सिनेमे केले. फ्लोरिडात पोलिसांनी त्याच्या हालचालींवर नजर ठेवली होती आणि त्याला फक्त करंगळी हलवता येत होती, ही गोष्ट तो करंगळी हलवून सांगतो. लोक हसतात. मला त्या हसण्यापलीकडे एक माणूस दिसतो, जो आपल्या गेलेल्या वर्षांना मित्रांसमोर नावाने हाक मारतो आहे. आणि मग तो एक वाक्य बोलतो, साधंच: रॉक अँड रोल मुळात गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमधून आलं.

हे त्याने त्या खुर्चीत बसून म्हटलं याला माझ्या लेखी मोल आहे. कारण हे दोन्ही प्रकार कृष्णवर्णीयांच्या गाण्याचे, आणि त्या रात्रीची जवळजवळ सगळी जमीन कृष्णवर्णीय गायकांनी नांगरलेली होती. जिमी रीड, लॉइड प्राइस, स्मायली लुइस. सीडीला जिच्यावरून नाव पडलं ते 'टायगर मॅन' मेम्फिसच्या रुफस थॉमसने १९५३ मध्ये त्याच सन स्टुडिओत गायलं होतं, एल्विस तिथे पोचण्याच्या आधी. या लोकांना त्यांच्या गाण्यातून जे मिळालं आणि एल्विसला जे मिळालं, त्यातली तफावत डोळ्यांआड करून हे ध्वनिमुद्रण ऐकणं मला जमत नाही. साथ फक्त शेजारच्या खुर्चीवरून मिळत नाही.

आणि साल १९६८ होतं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली, तीही मेम्फिसमध्ये, एल्विसच्या गावात. जूनमध्ये तालमी सुरू असताना, तिथून काही मैलांवर लॉस एंजलिसमध्ये, रॉबर्ट केनेडी मारले गेले. खोलीतल्या गप्पांत हे सतत यायचं. बिंडरने त्यावरून अर्ल ब्राउनकडून एक शेवटचं गाणं लिहून घेतलं, नाताळच्या गाण्याऐवजी. पार्करचा विरोध होता, एल्विस म्हणाला मी हेच गाणार. पांढऱ्या पोशाखात, मागे लाल दिव्यांत लिहिलेलं भलंमोठं नाव, समोर तो, आणि किंग यांच्या स्वप्नाचा प्रतिध्वनी असलेले शब्द. बहुतेक लोक त्या गाण्याला कार्यक्रमाचं शिखर मानतात. ते गाणं ऐकताना माझेही डोळे भरून येतात. पण मला पुन्हा विचाराल तर मी त्या चौकोनी मंचाकडेच जाईन. पांढऱ्या पोशाखातला माणूस जगाशी बोलत होता. खुर्चीवरचा माणूस स्कॉटीशी बोलत होता, आणि मला वाटतं की आधी हे झालं म्हणून नंतर ते जमलं असणार.

पुढचं सगळ्यांना माहीत असलेलं थोडक्यात सांगते. कार्यक्रम प्रचंड गाजला. १९६९ च्या जानेवारीत तो मेम्फिसला परतून अमेरिकन साउंड स्टुडिओत गायला, आणि त्या सत्रांतली गाणी त्याच्या आयुष्यातल्या उत्तम गाण्यांत मोडतात. ३१ जुलै १९६९ ला लास वेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलात तो पुन्हा मंचावर उभा राहिला, चार आठवड्यांत सत्तावन्न प्रयोग. मग पुन्हा रतीब, या वेळी मंचावरचा. १६ ऑगस्ट १९७७ ला तो गेला, बेचाळीस वर्षांचा.

वेगासला त्याच्या मागे उत्कृष्ट वादक होते, जेम्स बर्टनसारखा गिटारवाला. पण स्कॉटी आणि डी. जे. नव्हते. बर्बँकच्या त्या दिवसांत एल्विसने त्या दोघांना बाजूला घेऊन विचारलं होतं म्हणतात, की आपण युरोपात दौरा काढायचा का. तो कधीच निघाला नाही. २७ जूननंतर स्कॉटी मूर आणि एल्विस प्रेस्ली पुन्हा कधी एकत्र वाजवायला बसले नाहीत. स्कॉटी २८ जून २०१६ ला गेला. दोन वर्षांनी डी. जे.

म्हणजे माझ्याकडची ही सीडी पुनरागमनाची तर आहेच, पण निरोपाचीही आहे, आणि तिथे बसलेल्यांपैकी कुणालाही त्या रात्री हे ठाऊक नव्हतं. शेवटी तो मंचाच्या कडेला बसून एक संथ गाणं म्हणतो. त्याला आधीच मुद्रित केलेल्या वाद्यवृंदाची साथ आहे. व्हायोलिनं सुरू होतात आणि पेटीवरच्या काठ्या थांबलेल्या असतात. दर वेळी त्या ठिकाणी मला कुणीतरी खोलीचं दार लावून घेतल्यासारखं वाटतं.

त्या दुपारी मामांनी सीडी शेवटपर्यंत ऐकली. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते आणि त्यांनी कानस खाली ठेवून दोन वर्षं झाली होती. कोपऱ्यात एक अर्धवट तंबोरा उभा होता, घोडी न बसवलेला. हेडफोन काढून ते म्हणाले, "सगळं आहे, पण खर्ज नाही. खाली कुणी नाहीये."

मी त्यांना बिल ब्लॅकबद्दल सांगितलं. पहिल्या रात्री बासवर तोच होता. गाण्याच्या मधे वाद्यावर स्वार होऊन लोकांना हसवायचा. १९६५ मध्ये, या बैठकीच्या तीन वर्षं आधी, डोक्यात गाठ होऊन मेम्फिसला गेला. चाळिशीही गाठली नव्हती. त्या रात्री मंचावर बासवाला कुणीच नव्हता.

"दुसरा मिळाला नसता त्यांना?"

"मिळाला असता. हवे तितके मिळाले असते. स्टुडिओ वादकांनी भरलेला होता."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. आतून सुपारी कातरल्याचा आवाज येत होता.

"मग जागा ठेवलीय त्याची," ते म्हणाले, आणि हेडफोन पुन्हा कानांवर ओढून घेत मला पहिल्यापासून लावायची खूण केली.